नाव जुळत नाही

तीन नंबरच्या खिडकीशी मी बसते.
कालासिनकडच्या या लहानशा शाखेत
परदेशातले पैसे माझ्याकडे येतात,
म्हणजे त्यांचे आकडे येतात;
तिकडच्या नोटा मी कधी पाहिलेल्या नाहीत.

दर सात तारखेला थोंगसायमावशी येते.
चपला दाराबाहेर काढते.
कितीदा सांगितलं, मावशी, ही बँक आहे, विहार नाही.
पासबुक मशीनच्या तोंडात देते
आणि किर्रकिर्र करत ओळ छापून होईपर्यंत
हात जोडून उभी राहते.

मुलगी आइसलँडला. मासळीच्या कारखान्यात
कॉडच्या मांसातली हाडं चिमट्याने काढते.
पांढरे बूट, दुपारी तीनला रात्र.
मुक तिचं नाव. मुक म्हणजे मोती.
तिथून साठ हजार क्रोना निघतात,
वाटेत कुठलीशी बँक आपला घास काढून घेते,
मग आम्ही काढतो दोनशे बाट,
उरलेल्याचं छप्पर होतं, खत होतं,
धाकट्याच्या आयटीआयची फी होते.

या खेपेला ओळ छापलीच नाही.
मशीनने पासबुक तसंच बाहेर ढकललं.
मावशी म्हणाली, भूक नसेल त्याला आज.

मी स्क्रीनवर पाहिलं.
पैसे आले होते. दोन दिवस दाराशी थांबले,
पुन्हा त्याच थंडीत परत गेले.
कारण: नाव जुळत नाही.

पाठवले होते थोंगसायला.
पासबुकावर आता पुन्यावी.
मीच तर बदललं, लॉय क्राथोंगच्या आदल्या दिवशी.
कचेरीच्या दाखल्याची झेरॉक्स मी काढली,
नवी सही तिने माझ्याच पेनाने गिरवली,
सोळा वेळा, जीभ दातांत धरून.
आणि हाक मी अजून जुन्याच नावाने मारते.

का बदललं, ते तेव्हा विचारलं नव्हतं.
फॉर्मात तसा रकाना नाही.

आता ती खिडकीच्या भोकाशी वाकली.
गळ्याभोवती चौकडीचा पंचा, दोन वेढे घेतलेला.
खोनकेनच्या इस्पितळात गाठ काढली, म्हणाली.
थोरल्या भिक्खूंनी सांगितलं,
नावातलं एक अक्षर जन्मवाराला वैरी आहे;
आजार जुन्या नावावर येतो,
त्याचा पत्ता चुकू दे.

पत्ता चुकला. पैशांचा.

मुकला सांगितलंत?
मावशीने पर्सची चेन उघडली, लावली,
परत उघडली.
"तिकडून यायचं तिकीट किती, ठाऊक आहे तुला?"

तेवढ्यात तिच्या पर्समधूनच फोन वाजला.
तिकडे सकाळचे आठ, खिडकीत मिट्ट काळोख,
मुलीच्या डोक्यावर जाळीची टोपी.
"आई, बँक म्हणते, तू तू नाहीस."

"जेवलीस का?" मावशी म्हणाली.

"नाव का बदललंस?"

"हल्ली सगळ्याच बदलतात. आपल्या गल्लीत चौघी."

मुलगी गप्प झाली.
उजेडाच्या टेबलावर मासा धरून
केसाएवढं हाड हेरायचं,
हेच तिचं काम, सहा वर्षं.
सत्तेचाळीस नंबरचं टोकन घेतलेला माणूस खोकला.
मी पुढच्या नंबरचं बटण दाबलं नाही.

काहीतरी करायचं म्हणून
कोऱ्या पावतीच्या पाठीवर नवं नाव लिहिलं,
रोमन लिपीत, एकेक अक्षर सुटं,
पुढच्या वेळी चुकायला नको म्हणून,
आणि काचेखालून सरकवलं.

मावशीने तो कागद दोन्ही हातांनी धरला,
कॅमेऱ्यासमोर, हनुवटीच्या खाली,
पंचा होता तिथे.

"वाचलं," मुक म्हणाली.
"आता कागद खाली घे, आई."
कागद हलला नाही.
"आणि तो पंचाही."